पार्श्वभूमी : मॅग्वायर बॅटिंग कोच झाला, त्याआधीची अकरा वर्षं

आपला जुना होमरनवीर मार्क मॅग्वायर आपला बॅटिंग कोच होणार, असं सेंट लुइस कार्डिनल्स या अमेरिकी बेसबॉल संघाने २६ ऑक्टोबर २००९ रोजी जाहीर केलं. त्याला शिकवता येईल का, हे फारसं कुणी विचारलं नाही. उत्तेजकांबद्दल आता तरी तो तोंड उघडणार का, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

गोष्ट १९९८ ची. चार वर्षांपूर्वी खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाच, रद्द झाली होती आणि प्रेक्षक बेसबॉलवर रुसून बसला होता. मॅग्वायर आणि शिकागो कब्जचा सॅमी सोसा यांच्यातल्या होमरनच्या चढाओढीने तो रुसवा काढला. होमरन म्हणजे आपला षटकार समजा, पण बराच दुर्मीळ. रॉजर मॅरिसचा एका हंगामात ६१ होमरनचा विक्रम १९६१ पासून अबाधित होता. ८ सप्टेंबरला, कब्जविरुद्धच, मॅग्वायरचा ६२ वा फटका डाव्या कुंपणावरून जेमतेम पलीकडे पडला. अंतर ३४१ फूट, म्हणजे त्याच्या त्या हंगामातला सगळ्यात आखूड होमरन! आनंदाच्या भरात पठ्ठ्या पहिल्या बेसला पाय लावायचंच विसरला. तिथल्या कोचने त्याला मागे फिरवलं. नंतर प्रेक्षकांत बसलेल्या मॅरिसच्या मुलांना तो जाऊन भेटला. हंगामाअखेर आकडा ७० वर गेला.

त्याआधी ऑगस्टमध्येच एका वार्ताहराला त्याच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोन या स्टेरॉइडच्या जातीच्या औषधाची बाटली दिसली होती. ते दुकानात उघड मिळायचं. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. कार्डिनल्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, टोनी ला रुसा उखडला, तोही वार्ताहरावरच.

५८३ होमरन मारून मॅग्वायर २००१ मध्ये निवृत्त झाला. १७ मार्च २००५ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या समितीने उत्तेजकांबद्दल विचारलं, तेव्हा मागचं बोलायला आपण आलेलो नाही, हेच तो घोळवत राहिला. त्या चौकशीत त्याची उरलीसुरली पत गेली. २००७ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, ७५ टक्के मतं लागत होती, मिळाली २३.५.

ला रुसाने मात्र त्याची पाठराखण सोडली नाही. मॅग्वायरच्या आधीच्या संघात, ओकलंडमध्येही, तोच त्याचा मॅनेजर होता. शिवाय मॅग्वायर कॅलिफोर्नियात मॅट हॉलिडेसारख्या फलंदाजांना खासगीत शिकवत होताच. अडचण होती ती गप्प राहण्याची. १६२ सामन्यांच्या हंगामात ड्रेसिंग रूममध्ये वार्ताहरांची ये-जा सतत असते. तिथे रोज तोंड चुकवणार कसं?

अखेर ११ जानेवारी २०१० रोजी, सराव शिबिराच्या तोंडावर, त्याने स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं, १९९८ मध्येसुद्धा. मॅरिसच्या पत्नीला फोन करून माफीही मागितली. पण स्टेरॉइड दुखापतींतून सावरण्यापुरतेच होते, होमरन आपल्या हाताचे, हा हेका सोडला नाही. फार थोड्यांना ते पटलं; मलाही पटत नाही.

कोच म्हणून मात्र त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. २०११ मध्ये नॅशनल लीगमध्ये, म्हणजे दोन मुख्य लीगांपैकी त्यांच्या लीगमध्ये, सर्वाधिक धावा कार्डिनल्सच्या होत्या, आणि टेक्सासला सातव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीजही त्यांनीच जिंकली. २०१३ मध्ये तो लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडे गेला, २०१६ मध्ये सॅन डिएगो पाद्रेसचा बेंच कोच, म्हणजे मॅनेजरचा मदतनीस, झाला. त्याच वर्षी हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव शेवटच्या वेळी आलं. मतं १२.३ टक्के.