सक्ती नेमकी कोणावर? शाळा, घर आणि बडोदे

आमच्या दांडिया बाजारातल्या एका कुटुंबाने जूनमध्ये आठ वर्षांच्या मुलीचे नाव शाळेतून काढले. आता ती घरीच शिकते. रोज सकाळी जिन्याखालच्या विजेच्या मीटरचा आकडा ती वहीत उतरवते आणि कालचा आकडा त्यातून वजा करते. हातच्याची वजाबाकी ती तिथेच शिकली. तिच्या आईला शेजारपाजारचे एकच विचारतात, "अहो, शिक्षण सक्तीचं आहे ना? मग असं चालतं का?" हा प्रश्न बडोद्यात विचारला जावा, हे साजेसेच आहे. या देशात सक्तीच्या शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग बडोदे संस्थानानेच केला.

तो करणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड स्वतः मात्र गावच्या शाळेत घडलेले नव्हते. १८७५ साली कवळाण्याहून बडोद्यात आणून महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखही जेमतेम होती. त्यांच्यासाठी राजवाड्यातच शिकवणी सुरू झाली. एफ. ए. एच. इलियट हे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम सुरू झाल्या. राज्यकारभाराचे धडे दिवाण टी. माधवराव देत. सहा वर्षांत, १८८१ च्या डिसेंबरात, कारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. घरी मिळालेले शिक्षण किती दूर नेऊ शकते, याचा इतका ठसठशीत दाखला दुसरा शोधावा लागेल. पण त्या घराला राज्याचा खजिना उघडा होता, हे विसरून चालणार नाही.

सयाजीरावही ते विसरले नाहीत. ज्याच्या घरी पाटी नाही, शिकवणारे कोणी नाही आणि पोर गुरांमागे गेले नाही तर चूल अडते, त्या मुलाचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. १८९३ मध्ये काठेवाडातल्या अमरेली तालुक्यात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानात लागू केला गेला, मुलींसकट. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. हातावर पोट असलेल्या घराला तो दंड जाचला असणार, यात शंका नाही. शाळा सोडल्यावर पोरे शिकलेले विसरून जातात, हा अनुभवही पदरी आला. म्हणून १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालये उभारली गेली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. माझ्या मते हा दंडापेक्षा शहाणपणाचा उपाय होता.

अस्पृश्य मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या, तर सवर्ण शिक्षक तिथे जाईनात. मुसलमान शिक्षकांवर आणि पुढे आर्यसमाजी कार्यकर्त्यांवर त्या शाळा चालल्या. शाळा हा समाज सुधारण्याचा एकमेव मार्ग नाही, असे आज म्हणणे सोपे आहे. त्या मुलांना दुसरा मार्ग नव्हता.

गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. जे एका संस्थानाला जमले, ते इंग्रज सरकारला परवडत नव्हते.

याच बडोद्यात त्याच काळात एक मुलगा वाढत होता. वडिलांनी काही काळ घरी शिकवून मग त्याला हायस्कुलात घातले. वर्गापेक्षा तो मध्यवर्ती ग्रंथालयात जास्त रमे. एके दिवशी त्याने आईसमोर आपले शाळेचे दाखले चुलीत घातले आणि १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाला असता सुरतेलाच उतरून काशीची वाट धरली. ते विनोबा. सक्ती आणि शाळेबाहेरचे शिकणे, दोन्हींची मुळे या एकाच गावात आहेत.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे येऊ. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे; पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. आठव्या कलमात 'सक्ती'चा अर्थ दिला आहे आणि तो मुळापासून वाचावा असा आहे: प्रवेश, हजेरी आणि प्राथमिक शिक्षण पुरे होणे, या तिन्हींची जबाबदारी सरकारवर. सयाजीरावांच्या काळात पालकाच्या मानेवर असलेले जू शंभर वर्षांत सरकारच्या मानेवर आले. घरी शिकवण्याबद्दल कायदा ना हो म्हणतो, ना नाही. चौदा वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीची परीक्षा देता येते, म्हणून बहुतेक होमस्कूलिंगवाले पालक तिथवरची वर्षे मोजतात.

मला त्या मीटरवाल्या मुलीची काळजी वाटत नाही. तिच्या घरी आई आहे, पुस्तके आहेत आणि विचारले तर उत्तर देणारे माणूस आहे. अशा घरांसाठी कायद्याने स्पष्ट वाट करून द्यावी, असे मला मनापासून वाटते. पण नवव्या कलमाप्रमाणे आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद स्थानिक संस्थेने ठेवायची असते, आणि घरी शिकणाऱ्या मुलाचा वेगळा प्रकार कायद्यात नाही. त्यामुळे दांडिया बाजारातली ही मुलगी आणि वाघोडिया रोडच्या बांधकामावर आईसोबत विटांच्या ढिगाशी धाकट्या भावाला सांभाळत बसलेली तिच्याच वयाची मुलगी, दोघी एकाच शब्दाखाली येतात: शाळाबाह्य.