मोका पॉट, एस्प्रेसो आणि ग्राइंडरचा घोळ

गॅसवर ठेवून कॉफी करायच्या मोका पॉटसाठी दाणे दळायचा ग्राइंडर कोणता घ्यावा असं विचारलं की एक उत्तर हमखास येतं: 'एस्प्रेसोपर्यंत बारीक दळणारा घ्या, मग काळजी नाही.' या सल्ल्यामुळे लोकांचा विनाकारण जास्त खर्च होतो. त्याचं मूळ एका जुन्या जाहिरातीत आहे, आणि गंमत म्हणजे ती जाहिरात त्या काळी खोटी नव्हती.

मोका पॉटच्या आधीही चुलीवर कॉफी करायची भांडी होतीच. पॅरिसमध्ये 1819 साली पेटंट झालेलं उलटं करायचं भांडं पुढे नेपल्सच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्यात पाणी आपल्या वजनानेच कॉफीतून खाली उतरे, दाबाचा संबंध नव्हता. दाबावर चालणारा मोका पॉट आणला तो 1933 साली उत्तर इटलीतल्या एका ॲल्युमिनियम ओतकाम कारखान्याने. कल्पना नेमकी कोणाची यावर आजही वाद घातला जातो. आपल्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही.

त्या अष्टकोनी भांड्याबरोबर वचन दिलं गेलं होतं: कॅफेतला एस्प्रेसो आता घरी. आज हे वाचून जाणकार हसतात. मोका पॉटचा दाब फार तर दीड-दोन बार (बार हे दाबाचं माप), एस्प्रेसोचा 9 बार, तुलनाच कशी करायची? पण 1933 साली कॅफेत काय होतं ते पाहा. तिथली उभी मशिनं वाफेच्या जोरावर चालत आणि त्यांचा दाबही दीड बारच्या आसपासच असे. कप काळा, कडक, जवळपास बिनफेसाचा. घरच्या पॉटातून साधारण तशीच कॉफी येत होती. फरक पडला तो 1940च्या दशकाच्या शेवटी, मिलानमधून स्प्रिंग आणि दांड्याची मशिनं बाजारात आली तेव्हा. दाब 8-9 बारवर गेला, कपावर सोनेरी फेस आला आणि एस्प्रेसो म्हणजे हेच, असं ठरून गेलं. पुढे तर इटलीत 7 ग्रॅम कॉफी, 9 बार आणि 25 सेकंद अशी प्रमाणित व्याख्याही झाली. मोका पॉट मात्र होता तसाच राहिला, आणि त्याच्यावरची 'एस्प्रेसो' ही चिठ्ठीही. युद्धानंतर कारखान्याच्या दुसऱ्या पिढीने जाहिरातींचा धडाका लावला तोही त्याच भाषेत. (त्या मालकाची रक्षा 2016 मध्ये मोका पॉटमध्येच ठेवली गेली. निष्ठा म्हणावी तर अशी!)

या चिठ्ठीमुळे दळणाचा गोंधळ झाला. एस्प्रेसोची कॉफी अगदी बारीक लागते, कारण 9 बारच्या दाबाला अडवायचं असतं. तिथे दाब पंप देतो आणि पाण्याचं तापमान वेगळं सांभाळलं जातं. मोका पॉटमध्ये ही सोय नाही. खालच्या भांड्यात कोंडलेली हवा आणि वाफ तापून फुगते आणि पाण्याला वर ढकलते. पाणी पूर्ण उकळायच्या आधीच चढू लागतं. दाब हवा तर उष्णता वाढायला हवी, म्हणजे दोन्ही एकमेकांना बांधलेले. दळण एस्प्रेसोइतकं बारीक केलं की पाणी अडतं, जोर साठेपर्यंत आणखी तापतं, आणि मग तेच जास्त तापलेलं पाणी कॉफीतून जातं. चव जळकट, कडवट. शिवाय नळीतून फुरफुरत, थुंकल्यासारखी कॉफी उडते. त्यावर चमच्याने दाबूनही भरली असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हला काम लागलंच म्हणून समजा.

मोकाला हवं ते दळण बारीक मिठासारखं: एस्प्रेसोपेक्षा जाडसर, ड्रिप फिल्टरपेक्षा बारीक. आणि सगळे कण शक्यतो एकसारखे.

एकसारखेपणाची गोष्ट मात्र ग्राइंडरकडे जाते. लाकडी पेटीच्या, दांडा फिरवायच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकात घरोघरी होत्या आणि त्यांच्यात दात असलेले बर, म्हणजे दाणे मधे धरून चिरडणारे दोन भाग, होते. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त इलेक्ट्रिक पात्याचे ग्राइंडर आले आणि घरातून बर हटले. माझ्या मते ही पीछेहाट होती. पात्याच्या ग्राइंडरमधली कॉफी पांढऱ्या कागदावर पसरून बघा: एकीकडे धूळ, एकीकडे अर्धे फुटलेले दाणे. धूळ कडू होते, तुकडे आंबट राहतात, आणि दोन्ही एकाच कपात उतरतात.

हाताच्या ग्राइंडरला गेल्या काही वर्षांत पुन्हा भाव आला आहे. आधी सिरॅमिक बरचे आले, ज्यांच्या स्वस्त मॉडेलांमध्ये दांडा डुगडुगे आणि दळण जितकं जाड तितकं विस्कळीत होई. नंतर बेअरिंगवर घट्ट बसवलेले स्टीलचे शंकूच्या आकाराचे बर आले, 38 किंवा 48 मिलिमीटरचे. या ग्राइंडरची तुलना पुन्हा एस्प्रेसोच्याच फूटपट्टीने होते: एका क्लिकला (दळण बारीक-जाड करायच्या चकतीच्या एका टप्प्याला) किती मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, किती बारीक जातो. एस्प्रेसोत एका क्लिकने कपाची वेळ बदलते, म्हणून तिथे ते महत्त्वाचं. मोकात दोन क्लिक इकडेतिकडे झाले तर बहुतेकांच्या जिभेला कळतही नाही. इथे बघायचं ते दांडा डुगडुगतो का आणि दाणे किती मावतात हे. तीन कपांच्या पॉटला साधारण 15 ते 17 ग्रॅम लागतात, ते बहुतेक हातग्राइंडरमध्ये बसतात. सहा कपांच्या पॉटला मात्र छोट्या ग्राइंडरमध्ये दोनदा दळावं लागतं.