खाण्याच्या विकारांवरील डीबीटी उपचार

डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही मुळात खाण्याच्या विकारांसाठी नव्हतीच. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ती वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या रुग्णांसाठी घडवली. तिचे मूळ पाठ्यपुस्तक १९९३ मध्ये आले. तरुणपणी आपण स्वतःच मनोरुग्णालयात होतो, हे लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीर केले. रुग्णाला आहे तसे स्वीकारायचे आणि त्याच वेळी त्याच्याकडून बदलही मागायचा, हा या पद्धतीचा गाभा. स्वीकार झेन साधनेतून आला, बदल वर्तनोपचारातून.

ही पद्धत बिंज ईटिंग (ताबा सुटून भरमसाट खाणे) आणि बुलिमियाकडे (असे खाऊन मग उलट्या वगैरे करणे) वळवली ती स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्टी टेल्च, डेब्रा सेफर आणि स्ट्युअर्ट अ‍ॅग्रास यांनी. त्यांची मांडणी अशी: असह्य भावनेपासून सुटण्यासाठी माणूस खातो, क्षणभर सुटतोही, आणि म्हणूनच सवय पक्की होते. मागाहून येणारी लाज पुढच्या खेपेची तयारी करून ठेवते. त्यामुळे इथे डाएटचा तक्ता हे मुख्य हत्यार नाही. रुग्ण रोज डायरी कार्ड (त्या दिवसाच्या भावना आणि खाण्याची नोंद) भरतो आणि प्रत्येक प्रसंगाची साखळी उलगडतो. रात्री अकराला खाण्यावरचा ताबा सुटला असेल, तर पहिली कडी ऑफिसातल्या बोलण्यात सापडते, किंवा सकाळी टाळलेल्या नाश्त्यात. इच्छेची लाट न खाता ओसरू देणे, भावनेला नाव देणे, लक्ष देऊन खाणे ही कौशल्ये शिकवली जातात. ‘पुन्हा कधीच नाही’ असा पक्का निश्चय करायचा, आणि घसरण झालीच तर स्वतःला न कोसता लगेच सावरायचे, दोन्ही एकदम.

२००१ च्या चाचणीत बिंज ईटिंग असलेल्या ४४ स्त्रिया होत्या. वीस साप्ताहिक सत्रांअखेर, उपचार पूर्ण केलेल्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांचे असे खाणे थांबले. उपचाराच्या प्रतीक्षेत ठेवलेल्या स्त्रियांत हेच प्रमाण १२.५ टक्के होते. सहा महिन्यांनी मात्र ८९ चे ५६ झाले. २०१० मध्ये १०१ जणांवर, दुसऱ्या एका गटोपचाराशी तुलना केली तेव्हा डीबीटीचा परिणाम लवकर दिसला, पण वर्षभरात फरक जवळपास मिटला. टिकला तो दुसराच मुद्दा: डीबीटी अर्ध्यावर सोडणारे ४ टक्के, दुसऱ्या गटात ३३. ज्या आजारात रुग्ण उपचारापासूनच पळतो, तिथे हे मोठे यश मानावे लागते.

अ‍ॅनोरेक्सियात (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे कमी करत जाणे) चित्र वेगळे. तिथे अडचण बहुधा अतिनियंत्रणाची, म्हणजे स्वतःवर गरजेपेक्षा जास्त ताबा ठेवण्याची असते, म्हणून मानसशास्त्रज्ञ थॉमस लिंच यांनी डीबीटीचे वेगळे रूप विकसित केले. त्याचा पुरावा अजून तोकडा आहे. वजन सावरणे आधी, आणि किशोरवयीनांसाठी कुटुंबाला सोबत घेणारा उपचारच पहिला. आपल्याकडे मुलीचे उपास वाढत गेले तर घरात कौतुक होते, हाही निदान लांबण्याचा एक मार्ग.

वीस आठवड्यांचा खर्च कोण देणार, हा प्रश्न अमेरिकेत पालकांनी लढवला. खाण्याचा विकार असलेल्या मिनेसोटाच्या अ‍ॅना वेस्टिनला विमा कंपनीने निवासी उपचाराचा खर्च नाकारला आणि २००० मध्ये, २१ व्या वर्षी, ती गेली. आई किटी वेस्टिन यांच्यासह अनेकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर २०१६ च्या ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी क्युअर्स अ‍ॅक्ट’मध्ये, विमा निवासी उपचार देत असेल तर खाण्याच्या विकारांनाही तो समान निकषाने मिळावा, हे स्पष्ट झाले. बिंज ईटिंगला तर अमेरिकन निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून जागाच २०१३ मध्ये मिळाली.

भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच विमासंरक्षण द्यावे लागते. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती बेतलेल्या असतात. दर आठवड्याला ओपीडीत होणारी डीबीटीची सत्रे त्यात सहसा बसत नाहीत, आणि फी घरच्यांच्या खिशातूनच जाते.