उसन्या जागेवरचा खेळ : ऑटोक्रॉस आणि त्याच्या ट्रॅकची पार्श्वभूमी

ऑटोक्रॉसचा ट्रॅक सकाळी मांडतात आणि संध्याकाळी गोळा करून घरी नेतात. रिकामी धावपट्टी किंवा मोठं पार्किंग, त्यावर नारिंगी कोन (शंकू) रचून आखलेला वळणावळणाचा रस्ता, आणि गाड्या एकामागून एक अंतर राखून सोडलेल्या. झुंज दुसऱ्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. बहुतेक फेऱ्या मिनिटभरात आटोपतात. लांबून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण गेट (दोन कोनांमधली वाट) किती रुंद ठेवायचं, सरळ पट्टा कुठे तोडायचा, शेवट कुठल्या दिशेला करायचा, यामागचे बरेचसे नियम कुठल्या तरी अपघाताच्या धसक्यातून नाहीतर जागेच्या अडचणीतून आले आहेत. स्थानिक क्लबसाठी पहिल्यांदा ट्रॅक आखायला बसणाऱ्याला हे ठाऊक असलेलं बरं, नाहीतर नियमपुस्तक म्हणजे नुसती कटकट वाटते.

या खेळाचं एक मूळ ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थानच्या जिमखान्यांपर्यंत जातं. तिथे सरळ शर्यतींच्या जोडीला घोडेस्वारांचे कसबाचे खेळही रंगत. अडथळ्यांमधून घोडा नागमोडी काढायचा, ठरल्या जागी थांबवायचा, वळवून परत आणायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या मोटारवाल्यांनी हेच प्रकार घोड्याऐवजी गाडी घेऊन सुरू केले. तोवर तो श्रीमंतांचा दुपारचा विरंगुळा होता. त्याला स्पर्धेचं शिस्तबद्ध रूप आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेत.

युरोपातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना तिकडच्या छोट्या, चपळ गाड्यांची चटक लागली होती. एमजी टीसी ही ब्रिटिश गाडी हे त्यातलं लाडकं नाव. इंजिन जेमतेम १,२५० सीसीचं, ताकद साधारण ५४ अश्वशक्ती. सरळ रस्त्यावर कुठलीही थोराड अमेरिकन गाडी तिला मागे टाकेल, पण वळणावर तिची मजा वेगळीच. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’, म्हणजे एससीसीए, १९४४ मध्येच स्थापन झाला होता. हौशी लोक होते, गाड्याही आल्या; पळवायच्या कुठे, एवढाच प्रश्न होता.

पहिलं उत्तर होतं सार्वजनिक रस्ते. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन या गावात १९४८ मध्ये गावातले आणि आसपासचे रस्ते बंद करून सुमारे साडेदहा किलोमीटरच्या फेरीवर शर्यत झाली. लोक रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून पाहत. १९५० मध्ये तिथे सॅम कॉलियर हा चालक मेला. १९५२ मध्ये गाडी प्रेक्षकांत घुसली आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. गावच्या रस्त्यांवरचा तो खेळ तिथेच संपला.

नेमक्या त्याच सुमारास एक अनपेक्षित दार उघडलं. अमेरिकी हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागाचे प्रमुख जनरल कर्टिस लमे हे स्वतः स्पोर्ट्स कारचे शौकीन. त्यांनी १९५२ ते १९५४ या काळात आपले तळ एससीसीएच्या शर्यतींना खुले केले. सरकारी मालमत्तेवर हे कसले खेळ, अशी ओरड झाली आणि ते दार बंदही झालं; पण तेवढ्यात एक गोष्ट सगळ्यांना दिसून गेली होती. धावपट्टीवर झाड नाही, खांब नाही, गटार नाही, घर नाही. टायरची पकड सुटली तर गाडी गरगर फिरते आणि थांबते, बस्स. माझ्या मते आजच्या ऑटोक्रॉसचा खरा जन्म इथला आहे. कोणी तो खेळ ‘शोधून काढला’ नाही. सपाट, मोकळ्या काँक्रीटने तो सुचवला.

१९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत ८० हून अधिक माणसं मेली आणि सगळीकडे धाबं दणाणलं. शर्यतींना मान्यता देणारी अमेरिकेतली प्रमुख संस्था, ट्रिपल ए (अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन), त्याच वर्षी या क्षेत्रातून बाहेर पडली. स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली. घाटातल्या चढाईच्या आणि स्लॅलमच्या (कोनांमधून नागमोडी जाण्याच्या) स्पर्धा मात्र तिथे चालू राहिल्या, कारण त्यांत गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत. कायद्याच्या नजरेतही हा वेगळा खेळ ठरला.

साठच्या दशकात अमेरिकेत गावोगावी क्लब पार्किंगमध्ये कोन मांडू लागले. प्रत्येकाचे नियम आपापले. एससीसीएने ते एका छत्राखाली आणले, त्याला ‘सोलो’ नाव दिलं आणि दोन भाग पाडले: सोलो वन म्हणजे जास्त वेगाच्या, चढाईसारख्या स्पर्धा, सोलो टू म्हणजे कोनांमधला कमी वेगाचा खेळ. सोलो टूची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये झाली. पुढे ‘टू’ गळून पडलं. ही राष्ट्रीय स्पर्धा नंतर अनेक वर्षं कॅन्ससमधल्या सलायनाला, मग टोपेकाला आणि २००९ पासून नेब्रास्कातल्या लिंकनला होत आली आहे. तिन्ही गावांत शीतयुद्धाच्या काळातले हवाई दलाचे तळ होते आणि साठ-सत्तरच्या दशकांत ते बंद झाले. बॉम्बफेकी विमानांचं वजन पेलायला ओतलेलं जाड काँक्रीट आज हॅचबॅकच्या टायरांना पकड देतं.

इतर देशांत वाटा फुटल्या. जपानमध्ये जिमखाना नावाच्याच प्रकारात कोनभोवती पूर्ण गिरकी घ्यायची असते, त्यामुळे हँडब्रेक हे तिथलं मुख्य हत्यार. ब्रिटनच्या ऑटोटेस्टमध्ये रिव्हर्स घ्यावा लागतो आणि मार्ग पाठ करावा लागतो. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हणाल तर लोकांच्या डोळ्यांसमोर गवताळ शेतातली धूळ-चिखलाची शर्यत येते. १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या लिडन हिलला सुरू झालेलं रॅलीक्रॉस हे त्याच घराण्यातलं.

आता ट्रॅककडे. तो एवढ्याशा जागेत का मावतो, याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. वळताना टायरवर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चांगले टायर १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतका ताण सोसतात असं धरलं, तर ताशी ३२ किमी वेगाने वळायला सुमारे ८ मीटरची त्रिज्या पुरते, ताशी ६४ ला ३२ मीटर लागते आणि ताशी १२८ ला १३० मीटर. म्हणजे वेग निम्मा केला की गाडी तितकीच कडेलोटावर ठेवून वळण चौपट लहान करता येतं. चालकाला थरार तोच मिळतो, आदळण्याची ऊर्जा मात्र चौथाईवर येते. वेगाला महामार्गावरच्या कायदेशीर वेगाच्या आसपास लगाम घालायचा, हा एससीसीएच्या नियमांचा गाभा याच हिशेबावर उभा आहे. कठीण वस्तूंपासून ट्रॅक साधारणपणे किमान २५ फूट लांब ठेवायचा, आणि सर्वात वेगवान भाग प्रेक्षकांपासून व अडथळ्यांपासून सर्वात दूर न्यायचा, हे त्याचंच पुढचं पाऊल. वॉटकिन्स ग्लेनच्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसं आठवली की या नियमाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

नवखा आखणारा कागदावर सुंदर वळणं काढतो आणि जमिनीवर फसतो. कागद वरून दिसतो. चालक मात्र जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवरून पाहतो. त्याला वळण दिसत नाही, नारिंगी ठिपक्यांचा समुद्र दिसतो. मागच्या गेटचे कोन पुढच्या गेटच्या कोनांत मिसळतात. म्हणून जाणते लोक ट्रॅक मांडताना दर थोड्या अंतराने उकिडवे बसून पाहतात. कडेने चुन्याची किंवा खडूची रेघ ओढतात, आणि उभ्या कोनशेजारी आडवा कोन टोक करून ठेवतात. टोक ज्या कोनकडे, त्याच्या पलीकडून जायचं, आडव्या कोनच्या बाजूने नाही. वाट चुकली आणि गेट हुकलं की ती फेरी बाद. चालक अनाडी असेल तर ठीक, पण निम्मे लोक एकाच ठिकाणी चुकत असतील तर दोष आखणाऱ्याचा.

स्लॅलममध्ये गंमत अंतराची आहे. कोन समान अंतरावर असले की चालकाला लय सापडते; शेवटचं अंतर थोडं कमी केलं की तीच लय त्याला गोत्यात आणते. पहिल्या कोनला झालेला उशीर पुढे साचत जातो आणि चौथ्या कोनला वसूल होतो. एकाआड एक बाजूला सरकवलेल्या गेट्सचंही तसंच. अंतर तेच ठेवून एक गेट अर्धा-पाऊण मीटर बाजूला नेलं की सरळ निघणारी गाडी ब्रेक मारू लागते. म्हणून मोजचाक हातात नसेल तर ट्रॅक आखू नये. आणि पायाने मापलेलं अंतर दुपारपर्यंत किती वाढतं, याविषयी न बोललेलं बरं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे शेवट. घड्याळ थांबल्यावर चालकाचं लक्ष उडतं, पाय मात्र ॲक्सिलरेटरवरच असतो. शेवटची रेषा रांगेतल्या गाड्यांच्या किंवा माणसांच्या दिशेने तोंड करून असेल तर ट्रॅक कितीही देखणा असो, तो नापास. शेवटाआधी वेग आपोआप उतरेल असं वळण हवं आणि पुढे थांबायला ऐसपैस जागा. माझ्या मते आखणीची सुरुवातच इथून करावी: आधी शेवट, मग सुरुवात, मग उरलेल्या जागेत काय रंगवायचं ते.

कोन पाडला तर दंड वेळेत मोजतात. एससीसीएच्या स्पर्धांत तो प्रत्येक कोनमागे २ सेकंद आहे. कोन ‘पडला’ कधी म्हणायचं, यावर पूर्वी भांडणं होत, म्हणून प्रत्येक कोनच्या तळाभोवती चौकोन आखायची पद्धत आली. कोन उभा आहे आणि तळाचा काही भाग चौकोनाला टेकून आहे, तर माफ. आडवा झाला किंवा पूर्ण बाहेर गेला, तर दंड. सुरुवातीला वेळ स्टॉपवॉचवर घेत. घेणाऱ्याच्या अंगठ्यावर निकाल ठरायचा. प्रकाशकिरण तोडून चालू-बंद होणारं इलेक्ट्रॉनिक घड्याळ आलं आणि हजारांश सेकंदापर्यंत नोंद होऊ लागली. ताशी ६० किमी वेगाला एक हजारांश म्हणजे दीड-पावणेदोन सेंटिमीटर. एवढ्याने स्पर्धा हरलेला माणूस पाडलेल्या कोनवर वाद घालतो, यात नवल ते काय.

हेल्मेटच्या प्रमाणाचा आग्रहही असाच एका मृत्यूतून आला. पीट स्नेल हा हौशी चालक १९५६ मध्ये शर्यतीत डोक्याच्या दुखापतीने गेला. हेल्मेट होतं, पण कुचकामी. १९५७ मध्ये त्याच्या नावाने संस्था निघाली आणि तिच्या प्रमाणाचा शिक्का आज अनेक क्लब प्रवेशद्वारावरच तपासतात. उंच, अरुंद गाड्यांना अनेक ठिकाणी प्रवेश नाही, कारण पकड चांगली असली की घसरण्याऐवजी त्या उलटतात.

माणसांचा प्रश्न क्लबांनी फार व्यवहारी पद्धतीने सोडवला. पगारी मार्शल परवडत नाहीत, म्हणून निम्मे स्पर्धक गाडी चालवतात तेव्हा उरलेले निम्मे ट्रॅकवर उभे राहून कोन उचलतात, लाल झेंडा दाखवतात, दंड कळवतात, मग अदलाबदल. यामुळे आखणीवर वेळेचं ओझं येतं. १०० स्पर्धक, प्रत्येकी ४ फेऱ्या, दर ३० सेकंदांनी एक गाडी सोडली तर नुसत्या पळण्याला ३ तास २० मिनिटं लागतात. तेच अंतर ४५ सेकंद झालं की ५ तास. म्हणून ट्रॅक असा हवा की पहिली गाडी अर्ध्यात गेल्यावर दुसरी सोडता येईल आणि दोघींच्या वाटा कुठेही एकमेकींना छेदणार नाहीत. कागदावर आकर्षक दिसणारा आठाच्या आकड्याचा ट्रॅक इथेच बाद होतो.

जुनी हॅचबॅक आणि महागडी स्पोर्ट्स कार एकाच दिवशी उतरतात, तेव्हा त्यांची तुलना कशी करायची? गाड्यांचे वर्ग पाडतात, आणि सगळ्या वर्गांची एकत्र क्रमवारी हवी असेल तर प्रत्येक वर्गाला एक गुणक देतात. गुणक ०.८०० असेल तर ६० सेकंदांची फेरी ४८ धरली जाते. गुणक आधीच्या स्पर्धांच्या निकालांवरून ठरतात आणि दरवर्षी त्यावरून कुरबुर होते. त्यात आखणाऱ्याचाही हात असतो: लांब सरळ पट्टे दिले की ताकदवान गाड्या वर येतात, दाट वळणं दिली की हलक्या.

जागा मात्र आक्रसत चालल्या आहेत. कॅलिफोर्नियातले अलामेडा आणि एल टोरो हे लष्करी तळ नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाले आणि पुढे तिथल्या काँक्रीटवर ऑटोक्रॉस रंगलं. पण मोकळी जमीन फार काळ मोकळी राहत नाही. २००१ च्या हल्ल्यांनंतर चालू लष्करी तळांवर बाहेरच्यांना प्रवेश मिळणं अवघड झालं. उरली पार्किंगं. तिथे दिव्याचे खांब असतात, पाणी वाहून जायला उतार असतो, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो. म्हणून आता आखणारा मोजचाक काढण्याआधी उपग्रहाच्या चित्रावर खांब मोजतो. त्यातच विजेवरच्या गाड्या आल्या आहेत, जड आणि वळणातून सुटताच झेपावणाऱ्या. पेट्रोलच्या गाडीसाठी बेताचा असलेला सरळ पट्टा त्यांना मोकळं रान ठरतो, आणि जुन्या नकाशांवरचे हे पट्टे तोडायला मध्ये आणखी एक गेट घालावं लागतं.