पहिला नंबर कोणाचा? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या मतदानाची पार्श्वभूमी

१९३५ चा अमेरिकन फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन खेळतात तो) हंगाम संपला आणि मिनेसोटा राज्यातल्या लोकांनी ॲलन गूल्ड या पत्रकाराचा पुतळा फासावर लटकवला. गूल्ड हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे क्रीडा संपादक. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज संघांची यादी करताना त्यांनी पहिल्या क्रमांकावर तीन संघ बरोबरीनं ठेवले होते: मिनेसोटा, प्रिन्स्टन आणि सदर्न मेथडिस्ट. यादी झाली तेव्हा तिघंही अपराजित होते, आपापसात कधी भिडलेच नव्हते. मग वर कोणाला ठेवायचं? गूल्ड यांनी कोणालाच खाली ठेवलं नाही आणि मिनेसोटातले लोक खवळले.

पुण्या-मुंबईतून इंजिनिअरिंग करून मिशिगन, परड्यू, ओहायो स्टेट किंवा टेक्सास ए अँड एमला एमएससाठी गेलेल्या कुणालाही विचारा. शनिवारी अख्खं गाव एका रंगाचे कपडे घालून स्टेडियमकडे निघतं आणि रविवारी दुपारी क्रमवारी जाहीर झाली की लॅबमध्येसुद्धा वाद पेटतो. मीही अशाच एका विद्यापीठात दोन वर्षं काढली. पहिल्या महिन्यात मला एकच प्रश्न पडला होता. एवढे सामने होतात, एवढी माणसं बघायला जातात, तर विजेता मतदानानं का ठरवतात?

उत्तर या खेळाच्या जडणघडणीत आहे. पहिला आंतरकॉलेज सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत झाला. रटगर्सनं प्रिन्स्टनला ६–४ असं हरवलं. पुढे कॉलेजं आपापल्या भागात गट करून खेळू लागली. या गटांना तिथे कॉन्फरन्स म्हणतात. गटाचा विजेता ठरायचा, पण देशाचा विजेता ठरवणारी स्पर्धाच नव्हती. आपल्याकडे रणजीत गटसाखळी, बाद फेरी आणि शेवटी अंतिम सामना असतो. तिथे हंगाम संपला की नामांकित संघांना वेगवेगळ्या शहरांतल्या संयोजक समित्या पाहुणे म्हणून बोलवायच्या. हेच ते बाउल सामने: पॅसाडेनाचा रोझ बाउल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल, मायामीचा ऑरेंज बाउल. त्यात शहरांची हॉटेलं भरायची, कॉन्फरन्सना पैसा मिळायचा आणि जुने करार कुणालाच मोडायचे नसायचे. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए बाकीच्या खेळांत अजिंक्यपद देते, फुटबॉलच्या खालच्या विभागांतही देते. सर्वोच्च विभागात मात्र तिनं आजतागायत अधिकृत विजेता घोषित केलेला नाही. ती रिकामी जागा मतपत्रिकेनं भरली.

आधी गणितानं भरून पाहिली होती. १९२० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी प्रतिस्पर्धी किती तगडा होता यावर गुण देणारी पद्धत बसवली. पण लोकांना आकडेमोडीपेक्षा माणसांच्या मतावर भांडायला जास्त आवडतं, हे गूल्ड यांनी ओळखलं. नेब्रास्कातल्या लिंकन शहरातले क्रीडा संपादक साय शर्मन यांनी त्यांना सुचवलं की एकट्यानं शिव्या खाण्यापेक्षा देशभरातल्या संपादकांची मतं घ्या. ऑक्टोबर १९३६ मध्ये ३५ जणांच्या मतांवर पहिली साप्ताहिक क्रमवारी निघाली. दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत वाचकांना चघळायला काहीतरी हवं, हा आपला हेतू होता, असं गूल्ड यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं. म्हणजे मत संपादकांचं असलं तरी ते घेतलं जात होतं चाहत्यांसाठी.

पहिल्याच वर्षी काय झालं पाहा. मिनेसोटा पहिल्या क्रमांकावर होतं. ३१ ऑक्टोबरला नॉर्थवेस्टर्ननं त्यांना ६–० असं हरवून पहिला नंबर घेतला. मग शेवटच्या सामन्यात नोत्र दामनं नॉर्थवेस्टर्नला २६–६ असं धुतलं. आता मिनेसोटा आणि नॉर्थवेस्टर्न, दोघांचाही एकेक पराभव. आमनेसामने नॉर्थवेस्टर्न जिंकलेलं, गटाचं विजेतेपदही त्यांचंच. तरी अंतिम क्रमवारीत पहिला आला मिनेसोटा. कारण उशिरा हरलेला संघ मतदाराच्या मनात जास्त खाली घसरतो. लवकर हरा, उशिरा हरू नका, हा अलिखित नियम त्या वर्षापासून आजवर टिकून आहे.

मतमोजणीची रीत सोपी आहे. आज प्रत्येक मतदार २५ संघ क्रमानं लिहितो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत शेवटच्याला १. सगळ्यांची बेरीज म्हणजे क्रमवारी. अठराव्या शतकात जाँ-शार्ल द बोर्दा या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं निवडणुकीसाठी हीच रीत मांडली होती. तिच्यात एक भोक आहे. मला माझा संघ वर हवा असेल, तर त्याला पहिला लिहून भागत नाही. त्याच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्याला दुसऱ्याऐवजी बारावा लिहिलं की एका मतपत्रिकेवर दहा गुणांचा फरक पडतो. कुणीतरी हे बोर्दाच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा ‘माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे’ असं तो म्हणाल्याचं सांगतात. कॉलेज फुटबॉलमधला पुढचा सगळा झगडा या एका वाक्याभोवती फिरतो.

१९५० मध्ये युनायटेड प्रेस या दुसऱ्या वृत्तसंस्थेनं प्रशिक्षकांची क्रमवारी सुरू केली. प्रशिक्षकांना खेळ कळतो, हे खरं. पण शनिवारी त्यांचा स्वतःचा सामना असतो, बाकीचे सामने ते बघणार कधी? शिवाय ते स्वतःच्या आणि शत्रूच्या संघाला मत देतात. स्टीव्ह स्परियर हे नामवंत प्रशिक्षक कारकिर्दीच्या सुरुवातीला ड्यूक विद्यापीठात होते. पुढे कितीतरी वर्षं हंगामापूर्वीच्या मतपत्रिकेत ते जुन्या प्रेमापोटी ड्यूकला पंचविसावा नंबर देत आले आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. मला हे प्रेम समजतं. पण असंच प्रेम एखाद्या चाहत्यानं दाखवलं तर त्याला आंधळा म्हणतात आणि प्रशिक्षकानं दाखवलं तर गंमत म्हणतात, हे मला पटत नाही.

मत कधी घ्यायचं, यावरूनही मोठे अन्याय झाले. अंतिम क्रमवारी बाउल सामन्यांच्या आधीच लागायची. १९६४ मध्ये अलाबामाला पहिला नंबर मिळाला आणि नंतर ऑरेंज बाउलमध्ये टेक्सासनं त्यांना हरवलं. मुकुट तसाच राहिला. ओरड झाली म्हणून पुढच्या वर्षी असोसिएटेड प्रेसनं मतदान बाउलनंतर घेतलं. बाउल सामन्यांच्या एकाच दिवशी वरच्या तिन्ही संघांचा पराभव झाला आणि चौथ्या क्रमांकावरचं अलाबामा पुन्हा पहिलं आलं. मग १९६६ मध्ये जुनी रीत परत आणली गेली.

हे १९६६ साल जरा सविस्तर सांगायला हवं. १९ नोव्हेंबरला ईस्ट लान्सिंगला पहिल्या क्रमांकाचं नोत्र दाम आणि दुसऱ्या क्रमांकाचं मिशिगन स्टेट समोरासमोर आले. नोत्र दामचा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू निक एडी ट्रेनमधून उतरताना पायरीवरून घसरला आणि खांदा दुखावून सामन्याबाहेर गेला. क्वार्टरबॅक, म्हणजे चाली सुरू करून पास फेकणारा मुख्य खेळाडू, टेरी हॅनरॅटी सामन्यात जखमी झाला. नोत्र दाम ०–१० असं पिछाडीवर पडून १०–१० वर आलं. मिनिटभराहून थोडाच जास्त वेळ उरला असताना चेंडू त्यांच्याकडे होता, पण आपल्याच अर्ध्यात, फार मागे. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी लांब पासचा धोका पत्करला नाही. चेंडू हातात धरून छोट्या चाली खेळत त्यांनी वेळ संपवला. समोरचे खेळाडू त्यांना डिवचत होते, प्रेक्षक हुर्यो उडवत होते. पण पार्सेगियन यांच्यासमोर मतपत्रिका होती. बरोबरीनं पहिला नंबर टिकतो, हरलो तर जातो, हा त्यांचा हिशेब बरोबर ठरला. नोत्र दाम पहिलं, मिशिगन स्टेट दुसरं.

आणि तिसरं अलाबामा. सलग दोन वर्षांचा विजेता, हंगामात एकही पराभव नाही, एकही बरोबरी नाही. शुगर बाउलमध्ये त्यांनी नेब्रास्काला ३४–७ असं चिरडलं, पण तोवर मतपेटी बंद झाली होती. अलाबामाचे चाहते आजही हे विसरलेले नाहीत. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तो संघ फक्त गोऱ्या खेळाडूंचा होता. तीनच वर्षांपूर्वी राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते. मिशिगन स्टेटच्या संघात मात्र दक्षिणेतून आलेले अनेक कृष्णवर्णीय खेळाडू होते, ज्यांना आपल्या राज्यातल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांत जागा नव्हती. मतदारांनी फक्त खेळ पाहिला की आणखी काही, यावर आजही वाद होतो. माझ्या मते मतदार माणूसच असतो आणि त्यानं वृत्तपत्राचं पहिलं पान वाचलेलं असतं.

असोसिएटेड प्रेसनं १९६८ पासून बाउलनंतर मतदान कायम केलं. प्रशिक्षकांना जाग यायला १९७३ उजाडावं लागलं. त्यांनी अलाबामाला विजेता ठरवलं आणि ३१ डिसेंबरला नोत्र दामनं अलाबामाला २४–२३ असं हरवलं. पुढच्या वर्षापासून तेही शेवटपर्यंत थांबू लागले.

या सगळ्यात चाहत्यांचं मत कुठे होतं? गंमत म्हणजे ते संपादकांच्या क्रमवारीच्याही आधी घेतलं गेलं होतं. शिकागो ट्रिब्यूनचे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांनी १९३४ मध्ये कॉलेजातून बाहेर पडलेल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ आणि व्यावसायिक विजेते शिकागो बेअर्स यांच्यात सामना भरवला. खेळाडू निवडले वृत्तपत्रांतून मतं पाठवणाऱ्या वाचकांनी. सोल्जर फील्डवर जवळपास ८० हजार लोक जमले आणि सामना ०–० असा सुटला. व्यावसायिकांना पोरांनी रोखून धरलं! पुढच्या वर्षी याच सामन्यात मिशिगनचा एक खेळाडू होता, जेराल्ड फोर्ड. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

चाहत्यांवरचा विश्वास उडाला तो दुसऱ्या खेळामुळे. १९५७ मध्ये बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी सिनसिनाटीच्या लोकांनी इतकी मतं टाकली की नॅशनल लीगच्या संघात आठपैकी सात जागा सिनसिनाटीच्याच खेळाडूंना मिळाल्या. तिथल्या वृत्तपत्रानं आधीच नावं भरलेल्या मतपत्रिका छापल्या होत्या. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी दोन नावं काढून विली मेज आणि हँक ॲरन यांना घेतलं आणि चाहत्यांचा मताधिकार काढून घेतला. तो परत मिळायला १९७० उजाडलं. चाहता म्हणजे एकगठ्ठा मतं, ही भीती तेव्हापासून सगळ्याच खेळांत घर करून बसली. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्कारात आजही पत्रकारांची ८७० मतं असतात, जुन्या विजेत्यांना प्रत्येकी एक मत असतं, आणि देशभरच्या सगळ्या चाहत्यांची मतं एकत्र करून त्यांचं होतं फक्त एक मत.

पण ज्यांना मत होतं, ते तरी कुठे एकमतानं विजेता देत होते? १९९० मध्ये पत्रकारांनी कोलोरॅडोला निवडलं, प्रशिक्षकांनी जॉर्जिया टेकला. १९९१ ला पुन्हा तेच, मायामी आणि वॉशिंग्टन. १९९७ ला मिशिगन आणि नेब्रास्का. त्यावर तोडगा म्हणून १९९८ मध्ये बीसीएस ही व्यवस्था आली. दोन्ही क्रमवाऱ्या आणि संगणकांचे गुण एकत्र करून पहिले दोन संघ अंतिम सामन्याला पाठवायचे. २००३ मध्ये दोन्ही क्रमवाऱ्यांत यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) पहिलं होतं, तरी बेरीज करून संगणकांनी त्याला तिसरं केलं. आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना ७–३५ असा हरलेलं ओक्लाहोमा अंतिम फेरीत गेलं आणि एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) हरलं. अंतिम सामन्याच्या विजेत्यालाच पहिलं मत देण्याचं बंधन प्रशिक्षकांवर होतं. तरी तिघांनी ते झुगारून यूएससीला मत दिलं. पत्रकारांनीही यूएससीलाच विजेता केलं. पुढच्या वर्षी अपराजित ऑबर्न बाहेर राहिलं आणि असोसिएटेड प्रेसनं आपली क्रमवारी या हिशेबातून काढून घेतली. २००५ पासून प्रशिक्षकांची नियमित हंगामातली शेवटची मतपत्रिका नावानिशी जाहीर होऊ लागली. माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत चांगली सुधारणा. मतदार पक्षपाती असणारच. त्याचं मत दिसलं की पक्षपातही दिसतो.

२०१४ पासून १३ जणांची समिती बाद फेरीचे संघ निवडते. आधी चार, २०२४ पासून बारा. आपल्या संस्थेची चर्चा निघाली की त्या सदस्याला खोलीबाहेर जावं लागतं. तरी २०२३ मध्ये १३ पैकी १३ सामने जिंकलेलं फ्लोरिडा स्टेट वगळलं गेलं. त्यांचा क्वार्टरबॅक जखमी होता आणि त्याच्याशिवाय हा संघ तेवढा चांगला नाही, असं समितीनं ठरवलं. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा पुढच्या अंदाजाला जास्त वजन दिलं, ते चूकच झालं.

चाहत्यांनी मात्र कुणाची परवानगी न मागता स्वतःची क्रमवारी काढायला सुरुवात केली आहे. १९५७ च्या एकगठ्ठा मतांचा धडा त्यांनी घेतला आहे. अशा चांगल्या क्रमवारीत मतदार आधीच ठरलेले असतात, प्रत्येकानं आपला संघ कुठला हे जाहीर केलेलं असतं आणि प्रत्येक मतपत्रिका उघड असते. माझ्या लॅबमधला एक मित्र दर रविवारी अशी मतपत्रिका भरायचा. चहा गार व्हायचा, पंचवीस नावं वर-खाली व्हायची. एका रविवारी आमचा संघ शेवटच्या क्षणी नशिबानं जिंकला होता. त्यानं त्याला नववा लिहिला. मी भांडलो. त्यानं प्रतिस्पर्ध्यांची यादी पुढे केली, कोण कुणाकडून हरलं ते बोटानं दाखवलं आणि नाव खोडून अकरावा लिहिला.