ओसरीवरून महामार्गावर : सीमाभागातील परक्याला मदत करण्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका मागे टाकून पुणे-बेंगळुरू महामार्ग निपाणी, संकेश्वर, हत्तरगीवरून बेळगावकडे जातो. या रस्त्यावर अपघात झाला की माणसे लगेच जमतात. पण जखमीला गाडीत घालायला पुढे कोण होणार, यावर पुष्कळदा वेळ जातो. तेवढ्यावरून सीमाभागातली माणुसकी आटली, असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. परक्याला आधार देण्याची इथली रीत घराच्या ओसरीवर घडली, आणि त्या ओसरीवर पंचनामा कधी होत नसे.

या रीतीला दोन अंगे आहेत. बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या परंपरेतून आलेला दासोह लिंगायत मठांनी चालवला. दारी आलेल्याला कोण, कुठला हे न विचारता जेवू घालणे हा त्याचा गाभा. दुसरीकडे खानापूर-बेळगावहून पंढरपूरला पायी निघणाऱ्या दिंड्यांना आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या कोल्हापूर-सांगलीकडच्या भाविकांना वाटेवरच्या गावांनी पाणी, जागा आणि भाकरी दिली. मराठीतला ‘जेवलासा काय?’ आणि त्याच अर्थाचा कन्नड ‘ऊट आतेन्री?’ हे दोन्ही प्रश्न इथे एकाच गल्लीत कानावर येतात, आणि पुष्कळदा एकाच तोंडून. शिकायला परगावी आलेल्या गरीब मुलाने आठवड्यातील एकेका वारी एकेका घरी जेवायचे, ही वार लावण्याची पद्धतही मराठी घरांत त्याच वळणाची होती.

या रीतीचे नोंदलेले उदाहरण 1892 च्या ऑक्टोबरमधले आहे. कोल्हापूरहून एका ओळखीच्या चिठ्ठीवर एक तरुण बंगाली संन्यासी बेळगावच्या सदाशिवराव भाटे वकिलांकडे उतरला. जेवणानंतर या संन्याशाने पान-सुपारी मागितली, तेव्हा घरची मंडळी चकित झाली, अशी आठवण भाटे यांच्या मुलाने पुढे लिहून ठेवली आहे. तो पाहुणा म्हणजे स्वामी विवेकानंद. पण शिकागोची परिषद अजून वर्षभर लांब होती आणि यजमानांच्या लेखी तो एक वाटसरूच होता. तिथून ते वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहायला गेले. रिसालदार गल्लीतील भाट्यांचे ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. चिठ्ठी होती म्हणजे पाहुणा अगदीच परका नव्हता, हे खरे. पण एकाने दुसऱ्याच्या भरवशावर तिसऱ्याला घरात घ्यायचे, हीच तर त्या काळची रीत होती.

ही रीत मोटारीच्या रस्त्यावर अडखळली. रस्त्यात पडलेल्या माणसाजवळ चिठ्ठी नसते, आणि त्याला उचलणाऱ्याला जबाब, साक्ष, कोर्टाचे हेलपाटे दिसू लागतात. इथे त्यात आणखी एक पेच असतो : अपघात कर्नाटकात, जवळचे मोठे रुग्णालय कदाचित कोल्हापुरात, आणि जबाब कन्नडमध्ये. याउलट ऑगस्ट 2019 च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली, तेव्हा अडकलेल्या मालट्रकच्या चालकांपर्यंत जेवण घेऊन जाताना कुणाला विचार करावा लागला नाही. पुरात पोलीस जबाब घेत नाहीत.

ही भीती घालवण्याचे प्रयत्न कोर्टातून सुरू झाले. जखमीवर आधी उपचार, कायद्याच्या बाबी मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात ठरवले. त्याच न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. कर्नाटकाने स्वतःचा वेगळा कायदा केला आणि त्याला 2018 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम 134अ आले. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. 2020 च्या नियमांनुसार हे हक्क रुग्णालयाच्या दर्शनी भागात हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत लावायचे आहेत. कर्नाटकात प्रादेशिक भाषा म्हणजे कन्नड. निपाणीत जखमीला उचलून आणणाऱ्याच्या घरी मात्र पुष्कळदा मराठी बोलली जाते.