पॅकेज बिल्डमधल्या टेस्ट आणि कंपायलर बग

लिनक्स डिस्ट्रिब्युशनमधे (डेबियन, फेडोरा, जेंटू वगैरे) सोर्सपासून पॅकेज बिल्ड करताना कंपाइल झाल्या झाल्या, म्हणजे कंपायलरने सोर्स कोडचा मशीन कोड बनवला की, तिथेच त्या पॅकेजची स्वतःची टेस्ट सूट (टेस्टचा संच) चालवतात, आणि टेस्ट पडली तर पॅकेज तयारच होत नाही. डेबियनमधे हे काम डीएच_ऑटो_टेस्ट ही कमांड करते, फेडोराच्या स्पेक फाइलमधे (पॅकेज कसं बनवायचं ते लिहिलेली फाइल) चेक नावाचा सेक्शन असतो, जेंटूमधे मात्र युजरने स्वतः फीचर चालू केलं तरच टेस्ट चालतात.

आता कोणी म्हणेल की रिलीज करायच्या आधी मूळ डेव्हलपरनी टेस्ट केलेलंच असतं, मग परत कशाला? तर त्यांनी टेस्ट केलं ते त्यांच्या कंपायलरने त्यांच्या मशीनवर बनवलेलं बायनरी (चालवायचा तयार प्रोग्राम), इथे कंपायलरचं व्हर्जन वेगळं, त्याला दिलेले पर्याय म्हणजे फ्लॅग वेगळे, कधी प्रोसेसरही वेगळा. कंपायलर क्रॅश झाला तर बिल्ड थांबतो आणि सगळ्यांना कळतं, पण कंपायलरने गुपचूप चुकीचा मशीन कोड बनवला तर एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही, आणि ते बायनरी तसंच लोकांपर्यंत जातं. असा बग पकडायला टेस्टच लागते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जीएमपी, मोठ्या आकड्यांची गणितं करणारी लायब्ररी. बिल्डनंतर मेक चेक (टेस्ट चालवायची कमांड) चालवाच आणि ते फेल झालं तर लायब्ररी वापरू नका असं जीएमपीवाले स्वतःच बजावतात, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बिल्डच्या तक्रारींचं मूळ कंपायलरमधे निघतं.

फेडोरा तर साधारण जानेवारीत जीसीसी या कंपायलरचं अजून रिलीज न झालेलं व्हर्जन घेऊन सगळी पॅकेजं पुन्हा बिल्ड करतं, त्यामुळे हजारो पॅकेजच्या टेस्ट आपोआप कंपायलरच्या टेस्ट होतात आणि एप्रिल-मेमधे जीसीसी रिलीज व्हायच्या आत बरेच बग सुटतात. मला हे फार मोलाचं वाटतं. सीस्मिथसारखी टूल्स रँडम सी प्रोग्राम बनवून कंपायलरमधले बग शोधतात तेही हवंच, पण माणसांनी वर्षानुवर्षं लिहिलेला कोड वेगळ्याच जागी बोट ठेवतो.

टेस्ट पडली म्हणजे लगेच कंपायलरला दोष द्यायचा नाही. पॅकेजच्या कोडमधेच साइन्ड ओव्हरफ्लोसारखं (आकडा त्याच्या जागेत न मावणं) अनडिफाइन्ड बिहेवियर असतं, म्हणजे तिथे काय व्हावं ते भाषेचे नियम सांगतच नाहीत, आणि कोड जलद करायच्या नवीन ऑप्टिमायझेशनने ते उघडं पडतं, असं बरेचदा होतं. ३२ बिट इंटेल मशीनवर दशांश आकड्यांच्या टेस्ट पडायच्या ते तर जुनं दुखणं, तिथलं दशांश गणिताचं एक्स८७ युनिट मधल्या पायऱ्यांची गणितं ८० बिटमधे करतं म्हणून उत्तर शेवटच्या अंकात हलतं, जीसीसीचा ३२३ नंबरचा बग तोच.

शोधायची रीत अशी: आधी ऑप्टिमायझेशन बंद करून बिल्ड करायचं, टेस्ट पास झाली तर अर्ध्या ऑब्जेक्ट फाइल (एकेका सोर्स फाइलपासून बनलेला मशीन कोड) ऑप्टिमायझेशनवाल्या बिल्डच्या, अर्ध्या बिनऑप्टिमायझेशनच्या अशा लिंक करत करत एका फाइलवर यायचं, मग सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणारं टूल) लावून कोड स्वच्छ आहे ना ते बघायचं, आणि स्वच्छ असेल तर सी-रिड्यूस या टूलने बग तसाच ठेवून फाइल दहावीस ओळींवर आणून कंपायलरवाल्यांना पाठवायची.

क्रॉस कंपाइल, म्हणजे एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी बिल्ड, करताना मात्र पंचाईत होते, बनवलेला प्रोग्राम बिल्ड मशीनवर चालतच नाही. दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूएमयूमधे चालवता येतो, पण मग चूक क्यूएमयूची की कंपायलरची हा नवा घोळ.

डेबियनमधे नोचेक दिलं की टेस्ट वगळल्या जातात. घाईत पॅकेज पुढे ढकलायला सगळी सूटच बंद करणं चुकीचं आहे, पडणारी तेवढीच एक टेस्ट त्या आर्किटेक्चरपुरती (प्रोसेसरच्या प्रकारापुरती) वगळावी आणि शेजारी बग नंबर लिहावा, म्हणजे कंपायलर दुरुस्त झाल्यावर ती परत चालू करता येते.